पोत्यात बसलेली माती

चैत्र शुद्ध पंचमी. कडक ऊन, वारा नाही. फार पूर्वी अशाच दिवशी वत्सलाबाईंनी कुंड्यांतली जुनी माती गच्चीवर काढली. झेंडूची माती गोणपाटावर ऊन खात पसरली. टोमॅटोची माती मात्र हट्टाने ओलीच पोत्यात जाऊन बसली नि हसली, "काय गं, पापडासारखी वाळत पडलीस! लाज नाही वाटत?"

"उन्हानं कीड मरते, ताई. तूही ये."

"मी टोपल्या भरून टोमॅटो दिलेत. ऊन तुमच्यासारख्यांना!"

आषाढात बाईंनी दोन्ही माती पुन्हा कुंड्यांत भरून त्यांत टोमॅटोचं एकेक रोप लावलं. पोत्यातल्या मातीतलं रोप कळवळलं, "मावशी, इथं कुजका वास येतो. माझी मुळं सडताहेत."

"गप्प! खानदानी वास आहे तो."

आठवड्यात ते रोप मेलं. बाईंनी ती माती रस्त्यावरच्या खड्ड्यात ओतली. झेंडूच्या मातीतल्या रोपाला सात टोमॅटो लागले.