उरलेलं शेजारी

एका गावात एक भोळा म्हैसवाला होता. नाव रावबा. दारात दोन म्हशी, परड्यात वर्षाच्या कडब्याची गंज आणि घरात बायको हौसाबाई. हौसाबाईची जीभ विळ्यासारखी. पण काय करील बिचारी? नवरा असा, की "जरा पाय उचला" म्हटलं तर एका पायावर उभा राहायचा.

लेक बाळंतपणाला आली, बाळ झालं. बारशाला विहीणबाई येणार, तिच्यापुढं अंधार नको, म्हणून हौसाबाईनं हट्टानं शेणगॅसवरचं इंजिन बसवून घेतलं.

मिस्त्री म्हणाला, "इंजिन वीज देईल. त्याला थंड करणारं पाणी तापून बाहेर येईल, ते अंघोळीला घ्या. एका शेणात दोन कामं! पण दोन्ही कामं असली तरच चालवा, नाहीतर तोटा."

रावबानं मान डोलवली. तिथंच हौसाबाईनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी, बाळाच्या अंघोळीच्या वेळी, रावबानं खिडक्या लावल्या, दार लावलं, फटीत गोणपाट कोंबलं. हौसाबाई पाटाला अडखळून आपटली.

"अवो, हे काय?"

"उजेडाचं काम नव्हतं. आता झालं. लावू इंजिन?"

"कर्म माझं! वीज उरली तर उरू द्या. उरलेलं शेजारच्या आनशीला द्यायचं, वाया नाही घालवायचं."

"बरं. पुढच्या खेपेला."

पुढच्या खेपेला बाळ न्हालं. डाळीच्या पिठाचं, तेलाचं पाणी घंगाळात उरलं. रावबानं ते नेऊन आनशीच्या पिण्याच्या हंड्यात ओतलं. आनशी केरसुणी घेऊनच आली.

"हौसे, दादला आवर तुझा!"

"अवो, पाणी नव्हे, वीज द्यायची! ती हातानं नेत नाहीत. तिची ती जाते आपसूक."

"बरं. पुढच्या खेपेला."

बारशाचा दिवस उजाडला. रावबानं विचार केला, उरायला आधी भरपूर पाहिजे. सकाळपासून इंजिन हाणलं. भर उन्हात दिवे जळले, ऊन पाणी गटारात गेलं आणि दिवेलागणीला गॅस संपला. थंडी मी म्हणत होती. अंगणात विहीणबाई येऊन बसलेली. अंधारात नाव ठेवलं तर ती जन्मभर नावं ठेवील!

हौसाबाईनं दात-ओठ खाल्ले. "ऊब पाहिजे, उजेड पाहिजे. दोन्ही एकदम. कसंबी करा!"

रावबा परड्यात गेला.

थोड्या वेळात अंगण लख्ख झालं. बाळाला ऊब लागली. विहीणबाई म्हणाली, "इंजिन झकास आहे हो!" हौसाबाईची छाती फुगली. तेवढ्यात म्हशी दावी तोडून अंगणातून उधळल्या.

कडब्याची गंज पेटली होती. आता कडबा नाही तर शेण नाही, शेण नाही तर इंजिन नुसतं लोखंड.

"अवो, काय केलंत हे?"

"एका काडीत दोन कामं!" रावबा खुशीत म्हणाला. मग त्यानं कुंपणापलीकडं बोट दाखवलं. आनशीची गंज नुकतीच पेट धरत होती.

"आणि उरलेलं बघ, आपसूक गेलं शेजारी."