सागवानी पेटीतला मोबाइल

सुतार जेवावयास गेला की त्याची हत्यारे आपापसांत बोलत आणि कामेही उरकीत, त्या काळची ही हकीकत. सुताराने सुटे भाग जुळवून एक मोबाइल घडवला होता. परंतु त्याला कवच नव्हते. संध्याकाळी त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला नाही, तर सुतार त्याचे भाग पुन्हा सुटे करणार होता.

रंध्याने सागवानाची पेटी आरशासारखी गुळगुळीत केली आणि मोबाइलला आत बसवले. मोबाइल बोलू लागला, पण बाहेर केवळ अस्पष्ट गुणगुण आली.

भोके पाडणारा सामता पुढे सरला. "रंधेबुवा, चार भोके पाडू का?"

"माझ्या कामाला भोके? त्यापेक्षा मी गंजून जाईन."

"तुम्ही खुशाल गंजा हो. पण संध्याकाळी हा सुटा होईल, त्याचे काय?"

आतली केविलवाणी गुणगुण रंध्याला ऐकवेना. "पाडा," तो पुटपुटला, "मात्र ओळ सरळ ठेवा."

संध्याकाळी मोबाइलचा खणखणीत आवाज ऐकून सुतार खुलला. पुढे दुकानात नवी करवत आली, तेव्हा रंध्याने तिला ती पेटी मोठ्या अभिमानाने दाखवली. त्यातही आधी भोके दाखवली.