टिटवीचं हत्यार

एक होतं रान. रानात एक नदी होती, नदीकाठी वाळू होती आणि वाळूत टिटवीची चार अंडी होती. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्यावरच अंडी घालते. या भाबडेपणाला काय म्हणावं मला कळत नाही. पण तिच्याकडे घसा होता. अंड्यांजवळ कोणी आलं की ती ओरडायची, आणि ते ऐकून नदीकाठच्या साऱ्या टिटव्या धावून येत नि आलेल्याच्या टाळक्यावर झडप घालत.

रानाचा राजा होता बिबट्या. रीतसर निवडून आलेला. विरोधात उभं राहिलेलं हरीण प्रचारातच दिसेनासं झालं, त्यामुळे निवडणूक बिनविरोध पार पडली. प्रजेला दोन हक्क होते: एक नखं, दात, शिंगं, काटे बाळगायचा आणि दुसरा बोलायचा. दोन्ही सारखेच पवित्र, असं राजा प्रत्येक भाषणात सांगायचा.

एका सकाळी राजा पाणवठ्यावर दबा धरून बसला होता. टिटवी ओरडली, चितळं पळाली, राजा उपाशी राहिला. दुपारी तातडीनं दरबार भरला.

कायदेमंत्री साळिंदर काटे फुलवून उभा राहिला. "रानबंधूंनो! नखं कुणाला मारत नाहीत, नखांमागची वृत्ती मारते. आणि नखं ही आपली संस्कृती आहे! पण हा आरडाओरडा? त्यानं थेट भावना दुखावतात. आज महाराजांच्या काळजाला केवढी जखम झाली!"

"बघू की जखम," ससा म्हणाला.

"आतली आहे," साळिंदर म्हणाला. राजा सशाकडे बघू लागला, तसा ससा मागच्या रांगेत जाऊन बसला.

ठराव झाला. हत्याराला परवाना नको, बोलायला मात्र हवा. परवाने द्यायचं काम सेनापती मुंगसाकडे गेलं. मुंगसाला अंडी फार आवडतात हे रानातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दरबाराला तेवढं ठाऊक नव्हतं.

टिटवी मुंगसाकडे गेली. "साहेब, ओरडायचा परवाना पाहिजे."

"कुणावर ओरडणार?"

"अंडी खायला येईल त्याच्यावर."

"नाव सांगा. मोघम चालत नाही."

टिटवी चाचरली. "म्हणजे... तुम्हीच की, साहेब."

"मग मी येऊन गेल्यावर या," मुंगूस मायेनं म्हणाला. "आणि अंडी नेमकी कुठे आहेत तेवढं सांगून जा. चौकशीला लागतं."

टिटवी बाहेर येऊन रडली. मग तिला असा राग आला की ती तडक दरबारात घुसली.

"महाराज, माझ्या ओरडण्यानं तुम्हाला जखम झाली ना?"

"खोल," राजा म्हणाला.

"मंत्रीसाहेब, जखम करतं ते हत्यारच ना?"

"अर्थात!" साळिंदर स्वतःच्या काट्यांकडे कौतुकानं बघत म्हणाला.

"मग माझा घसा हत्यार झाला. हत्याराला परवाना लागत नाही. येते मी."

नाही म्हणायचं तर राजाची जखम खोटी ठरत होती, आणि तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. साळिंदराचे काटे एकेक करून खाली बसले.

संध्याकाळी मुंगूस वाळूत उतरला. टिटवीनं घसा फोडून हत्यार चालवलं. साऱ्या टिटव्या धावून आल्या आणि सेनापती टाळूवरचे केस गमावून बिळात शिरले. अंडी वाचली. मला तर नाचावंसं वाटलं.

मग सगळं रानच हत्यारबंद झालं. वानरं ओरडली, मोर ओरडले, चितळं ओरडली, ससासुद्धा जमेल तेवढा चिरकला. राजा जाईल तिथे त्याच्या आधी त्याची बातमी पोचायची. राजाच्या बरगड्या दिसू लागल्या, तसा पुन्हा दरबार भरला.

साळिंदर म्हणाला, "हत्याराचा हक्क अबाधित आहे आणि राहील! फक्त एक किरकोळ दुरुस्ती. हत्यार मुकं असावं."

टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवण्यापुरता आवाजाला त्या दिवशी परवाना होता.

तोवर टिटवीची चारही पिल्लं अंड्यांतून बाहेर पडून पळू लागली होती, एवढंच बरं झालं. आता त्या रानात कुणी ओरडत नाही. ज्यांना काही बोलायचं होतं, ते सगळे गुपचूप नखांना धार लावत बसले आहेत.

सरकार म्हणतं, राज्यात पूर्ण शांतता आहे.