रस्त्याचं वळण

यंत्रांना वाचा होती त्या काळची गोष्ट. ओढ्याकाठच्या पाणथळीत ठकू खेकडी पिल्लं सांभाळून राहायची. एके सकाळी शेजारचा रस्ता रुंद करायला रोलर आला आणि त्याने हद्दीची खुंटी नेमकी तिच्या बिळाच्या दारात ठोकली.

"रोलरदादा, पलीकडे मुरमाड माळ रिकामा पडलाय. रस्ता तिकडे सरकव की," ठकू म्हणाली.

"मी सरळ जाणारा गडी आहे. माझ्या वाकड्यात शिरू नकोस, म्हातारे!"

"अरे, मी जन्मापासून वाकडीच चालते."

रोलर चिडला. खुंटीपर्यंतची जमीन आत्ताच दाबून दाखवतो म्हणत तो पाणथळीत उतरला आणि बिळापासून हातभर अंतरावर पोटापर्यंत रुतला. पुढे जाईना, मागे येईना.

ठकूने आधी पिल्लं आत ढकलली, मग विचारलं, "आता सरळच निघणार ना?"

"मावशी, काहीतरी सांग गं!"

"चाक तिरकं कर. माळाच्या बाजूला खाली खडक आहे. आणि जाताना तुझी खुंटी घेऊन जा."

रोलर तिरका तिरका बाहेर आला. खुंटी माळावर गेली, रस्त्याखालून वाहायला ओढ्याला ऐसपैस मोरी मिळाली.

तिथे रस्ता अजून वळतो. ठकू पिल्लांना तो दाखवून सांगायची, "त्याला वळण मी लावलं."