जवळच्याची ओ

"…पण मग तुम्हाला एकटं वाटत नाही, ते कसं? तेवढं सांगा, बाबा. तेच शिकायला आलोय."

इंद्रजित पोंक्षेने हे विचारलं तेव्हा त्याचा एक पाय अजून सायकलच्या पेडलवरच होता आणि हेल्मेट डोक्यावर. पुण्याची माणसं गुरूकडेसुद्धा घाईतच येतात.

धाकूबाबा मरगळे दारात बसून म्हशीला बांधायला घायपाताच्या वाखाचं दावं वळत होते. एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, दुसरं तळहातांमध्ये. त्यांनी मान वर केली नाही.

"आदी पानी पी," ते म्हणाले.

वरवंडीच्या खिंडीपाशी पूर्वी गवळी-धनगरांची नऊ घरं होती. पोरांच्या शाळेपायी आठ घरं खाली रस्त्याला उतरली. धाकूबाबा तीन म्हशी घेऊन वरच राहिले. डोंगरांतून सायकली हाकणाऱ्या शहरी मंडळींनी त्यांना गुरू करून टाकलं त्याला कारण एवढंसंच. उतारावर आपटलेल्या एका स्वाराला ते म्हणाले होते, "धोंड्याकडं बगितलंस म्हून धोंड्यावर गेलास. वाटंकडं बगायचं." सायकलवाल्यांना हे वेदवाक्य वाटलं. कुणी त्याचे टी-शर्टही छापून घेतले. त्यातला एक बाबांना भेट मिळाला, तो त्यांनी थंडीत रेडकाला घातला.

इंद्रजित पाणी प्याला. सायकल कुडाला टेकवून समोर बसला. खाली कानंदीचं खोरं उन्हात पिवळं पडलं होतं.

"वर्षभर एकटाच फिरतोय," तो म्हणाला. "गुंजवणीचं खोरं झालं, नीरेचं झालं. एकही खिंड सोडली नाही. आधी आम्ही सहा जण असायचो."

"मग?"

"माझा वेग झेपत नाही त्यांना."

"हं."

"बढाई नाही मारत. चढाला मी पुढे, उताराला मी पुढे. दर वळणावर थांबायचं, मागचे यायची वाट बघायची… मग म्हटलं, एकटाच बरा." तो जरा थांबला. "पण नदीवर डबा उघडला ना, की सवयीनं दोन पोळ्या बाजूला काढून ठेवतो. नंतर त्या कुणाला द्यायच्या ते कळत नाही. हसू नका, बाबा."

"हासलो न्हाई."

"घास उतरत नाही कधीकधी. एवढा मोठा डोंगर, नि बोलायला कुणी नाही. छातीत दुखतं. तुम्ही इथे वीस वर्षं एकटे राहता. तुम्हाला काही होत नाही. ते कसं साधलं?"

बाबांनी दाव्याला पीळ दिला.

"काय व्हत न्हाई, ह्ये कोन म्हनलं?"

"म्हणजे… होतं?"

"व्हतंय की. सांजंच्या धारा काडताना लई व्हतंय. मग म्हशीसंगं बोलतो. म्हस कटाळली, तर गप बसतो."

इंद्रजितला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तो विरक्ती शोधायला सत्तर किलोमीटर चढून आला होता.

"मग त्यावर उपाय काय करता?"

"भूक लागली तर काय उपाय करत्यात? जेवायचं. दर बुदवारी खाली जातो, नातीकडं. तिच्या पोरास्नी दूध देतो, तितंच जेवतो, दोन शब्द बोलतो नि येतो."

गुरू दर बुधवारी नातीकडे जेवायला जातो, हे सायकलवाल्यांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. इंद्रजितचा चेहरा पडला. दुकानात शिरावं आणि हवी ती वस्तूच नसावी, तसं त्याला झालं.

"मग मी काय शिकू तुमच्याकडून?" तो जरा चिडूनच म्हणाला.

बाबांनी अंगठ्यातलं टोक सोडवलं आणि त्याच्याकडे केलं.

"ह्ये धर. तान धर नि ऱ्हा. सोडू नगंस."

इंद्रजितने धरलं. वाख हाताला बोचत होता. ताण धरायचा म्हणजे दोन्ही हात अडकले. मनगटावरच्या घड्याळात सारखं डोकावायची त्याची सवय होती, तीही बंद झाली. बाबा पीळ देत राहिले.

मग बाबांनी विचारलं, "मकरंदाचा खांदा कसा हाय?"

दाव्याचा ताण गेला.

"तान धर म्हनलं ना."

"बाबा, तुम्ही मकरंदला कसं ओळखता?"

"गेल्या कार्तिकात घळीतनं वर काडला की त्याला म्या. पाठीवर घिऊन रस्त्याला नेला."

मकरंद काकडे म्हणजे त्या सहा जणांतला एक. खरं तर एकच म्हणावा असा. अकरा वर्षांची जोडी. खिंडीतून पुलाकडे उतरताना उंबराच्या वळणावर तो घळीत गेला आणि खांद्याचं हाड मोडलं. कुणा धनगराने काढलं, एवढंच इंद्रजितच्या कानावर होतं. त्या धनगराचं नाव विचारावं, असं त्याला वर्षभरात सुचलं नव्हतं.

"बरा आहे," तो म्हणाला. "म्हणजे… हात पुरता वर जात नाही. नोकरी सोडली त्यानं पुण्याची. गावी गेला."

"तुज्यासंगं बोलतो?"

"नाही."

"का?"

"काय माहीत." इंद्रजित दाव्याकडे बघत होता. "मी पुढे होतो, बाबा. वारा होता त्या दिवशी. त्यानं हाक मारली म्हणे. मला ऐकूच आली नाही. तसं सांगितलंही त्याला. तो नुसतं 'असेल' म्हणाला."

बाबांनी पीळ द्यायचं थांबवलं.

"वारा न्हवता," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्या समोर व्हतो." त्यांनी हनुवटीने नदीपलीकडचा डोंगर दाखवला. "त्या टेपाडावर, म्हशी घिऊन. तुजं ह्येच पिवळं टोपडं. मकरंदाच्या खाली यक वळन तू. पयली हाक आली, तवा तू मान वळवलीस."

ऊन उंबराच्या शेंड्यावरून सरकलं होतं. कुठे तरी एक टिटवी ओरडत गेली. खोटं वर्षभर पाळलं की माणसाला ते स्वतःचं वाटू लागतं. ते हातातून सुटताना जीव नको होतो.

"आली ऐकू," तो शेवटी म्हणाला. "पहिलीच आली. दुसरीही."

बाबांनी आता त्याच्याकडे पाहिलं.

"घड्याळात बघितलं मी. आधीच्या विक्रमापेक्षा नऊ सेकंदांनी पुढे होतो. खिंडीपासून पुलापर्यंत त्या उतारावर माझ्याइतक्या वेगानं कुणी उतरलं नव्हतं. वाटलं, आता पुलावर पोचू, मग वर येऊन बघू. दहा मिनिटांनी काय होतंय…"

"मग?"

"पोचलो पुलावर. झाला विक्रम. मग वर बघितलं, चढ दिसला. पाय भरून आले होते. म्हटलं, ट्यूब फुटली असेल, गेला असेल मागे… विक्रम अजून माझ्याच नावावर आहे, बाबा. अकरा मिनिटं चार सेकंद."

दावं जमिनीला लागलं होतं. या वेळी बाबांनी ताण मागितला नाही.

"तुम्ही ऐकलीत ना हाक?" इंद्रजितने एकदम विचारलं. राग होता त्याच्या आवाजात, आणि थोडी आशाही. "मग तुम्ही का नाही ओ दिलीत? समोरच तर होतात!"

"डोंगराची रीत हाय," बाबा सावकाश म्हणाले. "घळीत पडल्याला मानूस ओरडला, तर जो जवळ हाय, त्यानंच ओ द्यायची. लांबच्यानं गप ऱ्हायाचं. दोन डोंगरांवनं दोन ओ आल्या, तर पडल्याला इसवास कुनाचा धरील? नगं त्या अंगाला सरकतो नि आनखी खाली जातो. माजा चुलता असाच ग्येला… म्हून म्या गप ऱ्हायलो."

इंद्रजितने समोरच्या टेपाडाकडे पाहिलं.

"पयल्या हाकंला गप ऱ्हायलो. म्हनलं, जवळचा हाय, दील. दुसरीला गप ऱ्हायलो. त्यानं तिसरी मारली. तवर तू पुलाकडं ग्येला व्हतास. मग म्या म्हशी टाकल्या नि निगालो. पर टेपाड उतरून, नदी ओलांडून, ह्यो चढ चढायचा म्हंजी माज्या वयाला दोन तास लागत्यात. तवर त्याचा आवाज बसला व्हता."

"काही म्हणाला तो?"

"डोळं मिटल्यालं व्हतं त्याचं. माज्या पायाखालचा धोंडा गडगडला, तसा म्हनला, 'इंद्रा, आलास?'"

इंद्रजितने दावं टाकून दिलं.

तो उठला, धडपडत खिंडीच्या कडेला गेला. खाली तीच वाट होती. उंबराचं वळण, त्याखालची काळी घळ, मग पूल आणि नदी. त्याने हेल्मेट उतरवून गवतात फेकलं आणि दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ओऽऽऽ!"

खोऱ्याने ती ओ घेतली, समोरच्या टेपाडावर नेली आणि परत आणून दिली.

"ओऽऽऽ! आलोऽऽ! मक्याऽऽ, आलो रेऽऽ!"

तिसरी ओ देताना घसा फाटला. तो तिथेच खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. पस्तिशीचा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत होता. गोठ्यातल्या म्हशींनी माना वर करून एकदा पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

धाकूबाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी दाव्याचं टोक पुन्हा अंगठ्यात अडकवलं.

बऱ्याच वेळाने इंद्रजित परत आला. डोळे लाल होते, पण चेहरा निवळला होता. अंगातून ताप उतरावा तसा तो हलका झाला होता. तो बाबांच्या पायाशी वाकला.

"दिली, बाबा," तो म्हणाला. "वर्षभर अडकलेली ओ होती. आज दिली. आता मोकळं वाटतंय."

बाबांनी दाव्याला शेवटची गाठ मारली. ताणून पाहिली.

"कुटं असतो म्हनलास त्यो?"

"कोण, मकरंद? फलटणला."

"लांब हाय?"

"असेल सव्वाशे किलोमीटर."

"सायकलीवर किती दीस लागत्यात?"

"मला?" इतक्यातूनही त्याची मान किंचित ताठ झाली. "एका दिवसात पोचेन."

धाकूबाबा उठले. म्हशींच्या धारांची वेळ झाली होती. गोठ्याच्या दारात ते थांबले आणि वळून म्हणाले,

"मग हितनं कशापायी ओरडत व्हतास?"