सरकारांची पाठ

रायगव्हाणच्या महाराजांनी आपला जुना वाडा चित्रांसकट शहराला देऊन संग्रहालय उघडलं, तेव्हा लोकांची रीघ लागली. मग महाराजांनी मधल्या दालनात स्वतःची भलीमोठी तसबीर लावली आणि हुकूम सोडला : तसबीर म्हणजे आम्हीच, तिला पाठ दाखवील तो तुरुंगात जाईल. एक कासार तसबिरीसमोरच्या भिंतीवरची चित्रं पाहताना सापडला आणि सहा महिने आत गेला. त्यानंतर तिथं चिटपाखरू फिरकेना.

एके दिवशी महाराज स्वतः आले. रिकामं दालन पाहून देखरेखीवरच्या भिवाजी चिताऱ्यावर गरजले, "माणसं कुणी हाकलली?"

भिवाजीला पेच पडला. खरं बोलावं तर तुरुंग, गप्प बसावं तरी तुरुंग. तो कसाबसा म्हणाला, "सरकार, समोरच्या भिंतीवरचं नदीचं चित्र एकदा पाहावं."

महाराज वळून नदी पाहू लागले.

भिवाजीने हात जोडले. "सरकार, आता आपली पाठ तसबिरीकडे आहे. शिपायाला बोलवायचं का, एवढी आज्ञा व्हावी."

महाराज नदीच पाहत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "हुकूम रद्द. तसबीर व्हरांड्यात न्या."

पुढं गर्दी मावेना म्हणून दोन दालनं वाढवावी लागली. भिवाजी मात्र त्या व्हरांड्यातून मरेपर्यंत तिरकाच चालला.