चिंचोक्याची निळी चिंधी

एक होतं अंगण. अंगणात पेरूचं झाड. झाडासमोर बकूचं घर.

त्या घरात परवाच कुत्र्याचं एक पिल्लू आलं. एवढंसं. दोन ओंजळींत मावेल एवढं. रंग चिंचोक्यासारखा, चकचकीत तपकिरी. म्हणून त्याचं नाव चिंचोका.

चिंचोक्याच्या आईचं नाव तांबू. तांबू लांब राहायची, बकूच्या मावशीच्या मळ्यात. तिथून येताना चिंचोक्याबरोबर एक चिंधी आली. निळी चिंधी. फाटकी चिंधी. एका कोपऱ्याला घट्ट गाठ असलेली चिंधी. तिच्यावर तांबू झोपायची. म्हणून चिंधीला तांबूचा वास यायचा.

चिंधी नाकापाशी असली, की चिंचोक्याला झोप लागायची. नसली, तर नाही म्हणजे नाही.

आज सकाळी बकूच्या आईनं चिंधी पाहिली.

"शी! किती मळलीये ही!"

चिंधी गेली बादलीत. घस घस घस! साबणाचा फेस झाला. चिंधी गेली दोरीवर. वारा आला. सूं सूं सूं! चिंधी उडाली. भुर्र! पेरूच्या उंच उंच फांदीला जाऊन अडकली.

दुपार झाली. चिंचोक्याला झोप आली. चिंधी कुठे आहे? खाटेखाली नाही. दारामागे नाही. ती बघा, तिकडे वर!

"कुंई! माझी चिंधी!"

चिंचोका निघाला. दुडू दुडू दुडू.

ओट्यावर बसले होते आजोबा. शेजारी त्यांची आकडी. आकडी म्हणजे पेरू काढायची लांब काठी, टोकाला वाकडी. चिंचोक्यानं मारली उडी. टुणकन!

"आजोबा, आजोबा!
चिंधी अडकली फांदीला.
चिंधी काढा ना!"

"अरे अरे! बस!" आजोबा म्हणाले.

बस म्हणजे काय? चिंचोक्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आणखी एक उडी मारली.

"काढली असती रे राजा," आजोबा म्हणाले. "पण चष्म्याशिवाय मला दिसत नाही. फांदी कुठली नि चिंधी कुठली! आईनं चष्मा दिला, तर चिंधी काढीन."

चिंचोका निघाला. दुडू दुडू दुडू.

आई भाकरी थापत होती. थप थप थप. चिंचोक्यानं मारली उडी. टुणकन!

"आई, आई!
चिंधी अडकली फांदीला.
आजोबांना हवा चष्मा.
चष्मा दे ना!"

"अगंबाई! खाली! खाली!" आई म्हणाली.

खाली म्हणजे काय? चिंचोक्याला वाटलं, खाली खाऊ पडलाय. त्यानं जमीन हुंगली. नुसतंच पीठ. आक्छी!

"चष्मा दिला असता रे," आई म्हणाली. "पण माझे हात बघ, पिठाचे. पिंपातलं पाणीही संपलंय. बाबांनी पाणी आणलं, तर चष्मा देईन."

चिंचोका निघाला. दुडू दुडू दुडू. आता नाकावर पीठ.

बाबा अंगणात उभे होते. हातात रिकामी बादली. खण खण खण. चिंचोक्यानं मारली उडी. टुणकन!

"बाबा, बाबा!
चिंधी अडकली फांदीला.
आजोबांना हवा चष्मा.
आईला हवं पाणी.
पाणी आणा ना!"

"ए, शांत! शांत!" बाबा म्हणाले.

शांत म्हणजे काय? चिंचोका बादलीत जाऊन पडला. धप्प!

बाबांनी त्याला बाहेर काढलं. "पाणी आणलं असतं रे," ते म्हणाले. "पण नळापुढे दादाची सायकल आडवी लावलीये. वाटच नाही. दादानं सायकल काढली, तर पाणी आणीन."

बाबांना काढता आली असती म्हणा! पण दादाची सायकल दादानंच काढायची, असा त्या घरचा नियम होता.

चिंचोका निघाला. दुडू दुडू दुडू.

दादा पायरीवर बसला होता. दादा म्हणजे निनाद, बकूचा मोठा भाऊ. तो सायकलची घंटी काढून पुसत होता. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग. चिंचोक्यानं मारली उडी. टुणकन!

"दादा, दादा!
चिंधी अडकली फांदीला.
आजोबांना हवा चष्मा.
आईला हवं पाणी.
बाबांना हवी वाट.
सायकल काढ ना!"

"सिट! सिट डाऊन!" दादा म्हणाला.

हे आणखी नवीनच! चिंचोक्यानं दादाचा कान चाटला.

"सायकल काढली असती रे," दादा हसत म्हणाला. "पण सीटवर काजळी बसलीये. तिला उठवलं, की ती ओरबाडते. हे बघ, परवाचं. काजळी उतरली, तर सायकल काढीन."

बस. खाली. शांत. सिट डाऊन. चार माणसं, चार शब्द. बिचाऱ्या चिंचोक्याच्या डोक्याचा अगदी भुगा झाला.

तरी चिंचोका निघाला. दुडू दुडू दुडू.

सायकलच्या सीटवर काजळी मांजरी. काळीभोर. उन्हात शेकत बसलेली. गुर्र गुर्र गुर्र. चिंचोक्यानं मारली उडी. टुणकन!

"काजळी, काजळी!
चिंधी अडकली फांदीला.
आजोबांना हवा चष्मा.
आईला हवं पाणी.
बाबांना हवी वाट.
दादाला हवी सायकल.
खाली उतर ना!"

"फिस्स्!" काजळी म्हणाली. आणि तिनं नखं दाखवली.

हा शब्द मात्र चिंचोक्याला लगेच कळला. तो चार पावलं मागे सरकला.

"उतरले असते," काजळी म्हणाली. "पण बकू मला रोज या वेळी दूध देते. आज दिलंच नाही. माझी वाटी रिकामी. बकूनं दूध दिलं, तर उतरीन."

चिंचोका निघाला. दुडू दुडू दुडू. आता पाय दुखत होते. डोळे मिटत होते. पण चिंधीशिवाय झोप कशी येणार?

बकू खाटेवर बसली होती. पाय वर घेऊन. हातात दुधाचा कप. चिंचोक्यानं मारली उडी. टुणकन!

"बकू, बकू!
चिंधी अडकली फांदीला.
आजोबांना हवा चष्मा.
आईला हवं पाणी.
बाबांना हवी वाट.
दादाला हवी सायकल.
काजळीला हवं दूध.
दूध दे ना!"

बकू ओरडली. "नको! नको! नको!" कप हलला. दूध सांडलं. टिप टिप टिप. आणि बकूच्या डोळ्यांतून पाणीही आलं. टिप टिप टिप.

चिंचोका थबकला.

"दूध दिलं असतं," बकू मुसमुसत म्हणाली. "पण मला खाटेवरून उतरताच येत नाही. तू उड्या मारतोस. मला तुझी भीती वाटते."

"माझी?" चिंचोक्यानं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग स्वतःच्या एवढ्याशा पायांकडे पाहिलं. "पण मी तर छोटा आहे."

"मी पण छोटी आहे," बकू म्हणाली.

चिंचोक्यानं कान पाडले.

"मला पण भीती वाटते," चिंचोका हळूच म्हणाला. "इथे सगळं नवीन आहे. इथे तांबू नाही."

बकूनं नाक पुसलं. तिला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

"मग तू उड्या का मारतोस?" तिनं विचारलं.

"कुणी दिसलं, की मला आनंद होतो. आनंद झाला, की उडी येते."

"मला आनंद झाला, की मी टाळ्या वाजवते. पण तुझ्यावर नाही पडत. तू असं कर. तू बस."

"सगळे काहीतरी सांगतात," चिंचोका म्हणाला. "आजोबा म्हणतात बस. पण बस म्हणजे काय?"

अरेच्चा! बकूनं विचार केला. सगळ्यांनी सांगितलं. कुणी दाखवलंच नाही!

बकूनं एक पाय खाली सोडला. मग दुसरा पाय सोडला. कप धरून हळूच खाली उतरली. आणि जमिनीवर बसली. मांडी घालून.

"हे बघ. ही मी बसले. याला म्हणतात बस."

चिंचोक्यानं पाहिलं. त्यानं बूड टेकलं. थप! आणि लगेच उठला.

"नाही नाही. परत. बस."

थप! परत उठला. शेपूट ऐकेचना.

"परत. बस."

थप! आणि बसला. बसूनच राहिला. शेपटी हलत होती, डोळे हसत होते, पण उडी काही आली नाही.

बकूनं एक बोट पुढे केलं. हळूच त्याच्या कपाळावर टेकवलं.

"मऊ आहे!" बकू म्हणाली. मग तिनं पाचही बोटं टेकवली.

"चल," ती म्हणाली. "तुझी चिंधी आणू."

आता निघाले दोघं. चिंचोका दुडू दुडू. बकू टप टप.

"सगळ्यांनी ऐका!" बकूनं अंगणात उभं राहून सांगितलं. "चिंचोक्याला एकच शब्द म्हणायचा. बस! खाली नाही, शांत नाही, सिट डाऊन नाही. नुसतं बस!"

आईनं खिडकीतून मान हलवली. बाबांनी मान हलवली. दादा म्हणाला, "बरं बाई." आजोबांना तर काही बदलायचंच नव्हतं. शब्द त्यांचाच होता. ते मिशीतल्या मिशीत हसले.

मग काय झालं?

बकूनं काजळीच्या वाटीत दूध ओतलं. चिंचोका लांब उभा.
"बस!" थप! चिंचोका बसला.
काजळी उतरली. लप लप लप. दूध प्यायली. चिंचोक्याच्या अगदी जवळून गेली, आणि नखं आतच ठेवली.

दादानं सायकल काढली. ट्रिंग ट्रिंग ट्रिंग.
"बस!" थप! चिंचोका बसला.

बाबांना वाट मिळाली. बाबांनी पाणी आणलं. खळ खळ खळ.
"बस!" थप! चिंचोका बसला.

आईनं हात धुतले. आईनं चष्मा दिला.
"बस!" थप! चिंचोका बसला.

आजोबांनी चष्मा लावला. आकडी उचलली. वर केली. आणखी वर. आणखी वर.
चिंचोक्याला उडी मारावीशी वाटली. खूप खूप वाटली. पण तो बसला. कुणी बस म्हटलं नाही, तरी बसला.

खस्सकन! चिंधी खाली आली. नेमकी चिंचोक्याच्या पुढ्यात.

चिंचोक्यानं नाक खुपसलं. सुं सुं सुं.

परत हुंगलं. सुं सुं सुं.

शेपूट थांबली.

"कुंई," चिंचोका म्हणाला. "ही माझी चिंधी नाही. हिला साबणाचा वास येतो. तांबू कुठे गेली?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

आईनं तोंडावर हात ठेवला. "मीच धुतली रे. चांगली घासून घासून धुतली. चुकलंच माझं." तिचे डोळे भरून आले.

बकूनं चिंधी उचलली. तिनं विचार केला. मग चिंधी गालाला लावली. दुधाचे हात तिला पुसले.

"आता हिला माझा वास येईल," ती म्हणाली. आणि तिनं चिंधी काजळीपुढे धरली.

काजळी तिच्यावर लोळली. एकदा इकडून, एकदा तिकडून.
मग दादानं चिंधीला हात पुसले.
मग बाबांनी ती खांद्यावर टाकली.
मग आईनं ती छातीशी धरली. कितीतरी वेळ धरली.
मग आजोबांनी ती गळ्याभोवती गुंडाळली आणि सोडून चिंचोक्याला दिली.

चिंचोक्यानं हुंगलं. सुं सुं सुं.

बकूचा वास दुधाचा.
काजळीचा वास उन्हाचा.
दादाचा वास तेलाचा.
बाबांचा वास मातीचा.
आईचा वास भाकरीचा.
आजोबांचा वास बामाचा. आक्छी!

मग त्याला चिंधीची गाठ दिसली. कोपऱ्यातली, घट्ट घट्ट गाठ. साबण गाठीच्या आत गेलाच नव्हता. चिंचोक्यानं गाठीला नाक लावलं. सुं सुं सुं.

आत होता तांबूचा वास. अगदी चिमूटभर. पण होता.

चिंचोक्याची शेपूट हलली. एकदा. दोनदा. मग हलायची थांबली. चिंचोका झोपला होता.

बकू त्याच्या शेजारी बसली. मांडी घालून. बोट ओठांवर ठेवून. आता अख्ख्या घराला तिनं नुसतं डोळ्यांनी सांगितलं, बस. आणि आजोबा, आई, बाबा, दादा, सगळे शहाण्यासारखे बसले. काजळीसुद्धा.

रविवारी चिंधी घेऊन सगळे मावशीच्या मळ्यात गेले. तांबूनं चिंचोक्याला नखशिखांत चाटलं. मग ती चिंधीवर जाऊन मस्त लोळली.

चिंधी आता पुन्हा मळलीये. दुधाची, उन्हाची, तेलाची, मातीची, भाकरीची, बामाची आणि तांबूची झालीये. आई रोज तिच्याकडे बघते. रोज नाक मुरडते.

पण धुवत मात्र नाही.